गेलेल्या डोळ्याची नोंद कुठे आहे?

माझी नानी मणेर होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांत तिने चाळीसेक वर्षं बांगड्या भरल्या. लग्नातला हिरवा चुडा असो, डोहाळजेवण असो की गावची जत्रा, बोलावणं तिलाच यायचं. मनगट हातात घेतलं की माप न विचारता ती नेमकी बांगडी काढायची. तिच्या धंद्याचे दोन नियम होते. गिऱ्हाइकासमोर बांगडी ‘फुटली’ असं कधी म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. आणि रात्री घरी आल्यावर वहीत मात्र फूट मांडायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती रेघा ओढायची. कुठल्या व्यापाऱ्याच्या पेटीतल्या किती फुटल्या, भरताना किती, एसटीच्या प्रवासात किती. महिन्याच्या शेवटी त्या रेघा बघून ती ठरवायची की पुढचा माल कुणाकडून घ्यायचा.

मी अकरावीत असताना एका मोफत शिबिरात नानीच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आमच्या भागातून जीप भरून माणसं नेली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, थेंबांची बाटली दिली, काळा चष्मा दिला आणि परत आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी डोळा ठणकायला लागला. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. पाचव्या दिवशी पापणी सुजून बंद झाली, तेव्हा मामाने तिला शहरात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आत पू झालाय, दोन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. उजवा डोळा गेला.

नानी म्हणाली, “अल्ला की मर्जी.” मामा म्हणाला, “फुकटात आणखी काय मिळणार?” काही दिवसांनी मामा मला घेऊन त्या शिबिरवाल्या दवाखान्यात गेला. भांडायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्याने एवढंच विचारलं की असं आणखी कुणाचं झालंय का. टेबलामागच्या माणसाने शांतपणे सांगितलं, “असं होत नाही हो. हजारात एखादं.”

पुढे मी संख्याशास्त्र शिकले आणि आता एका कॉलेजात तेच शिकवते. ‘हजारात एखादं’ हे शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. कुठले हजार? कोणत्या वर्षातले? त्या हजारांपैकी किती जणांना महिन्याभरानंतर पुन्हा तपासलं होतं? नानी दुसऱ्या शहरात उपचाराला गेली, म्हणजे त्या दवाखान्याच्या लेखी तिचं ऑपरेशन यशस्वीच राहिलं. तिच्या डोळ्याची नोंद कुठेच झाली नाही. बांगड्या विकणाऱ्या अडाणी बाईकडे फुटलेल्या काचेचा हिशोब होता आणि माणसांचे डोळे उघडणाऱ्या दवाखान्याकडे गेलेल्या डोळ्याचा नव्हता.

हा लेख त्या दवाखान्याविरुद्धची तक्रार म्हणून लिहीत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत उपकारक शस्त्रक्रियांपैकी एक आहे. वाचकांपैकी कुणाच्या दादीला, नानीला, अब्बांना डॉक्टरांनी ती सांगितली असेल तर जरूर करून घ्या. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ही शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित झाली ती कुणाच्या एकट्याच्या हातगुणामुळे नव्हे. जगात काही ठिकाणी माणसांनी प्रत्येक डोळ्याची नोंद ठेवली, बिघडलेल्या डोळ्यांचीही ठेवली, आणि त्या नोंदी बेरीज-भागाकार करून वाचल्या. आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे त्या नोंदीत यायला हवेत.

आधी साधं गणित पाहू. मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत जंतू वाढतात त्याला डॉक्टर एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. नानीला झालं ते हेच. चांगल्या ठिकाणी हे दहा हजारांत सातेक जणांना होतं असं धरा. आता एखादा सर्जन वर्षाला पाचशे ऑपरेशनं करत असेल, तर त्याला असा रुग्ण साधारण तीन वर्षांत एकदा दिसेल. समजा त्याने एखादं नवं औषध वापरायला सुरुवात केली आणि धोका दहा हजारांत दोनवर आला. आता तसा रुग्ण दहा वर्षांत एकदा दिसेल. तीन वर्षांत एक आणि दहा वर्षांत एक, यातला फरक कुठल्याही माणसाला स्वतःच्या अनुभवावरून कळू शकत नाही. मधली चार-पाच वर्षं नुसत्या नशिबानेही कोरी जाऊ शकतात, आणि एका वाईट वर्षात दोन रुग्ण लागोपाठ येऊ शकतात. ‘माझा तीस वर्षांचा अनुभव आहे’ हे वाक्य इथे अपुरं पडतं. इथे लाखो डोळ्यांच्या नोंदी लागतात.

अशा नोंदी आपल्या देशातच आहेत. मदुराईला १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. आज त्याची अनेक रुग्णालयं आहेत आणि तिथल्या मोठ्या संख्येच्या रुग्णांवर मोफत किंवा अगदी कमी खर्चात उपचार होतात. अरविंदच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. ऑपरेशन संपताना मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा छोटासा डोस थेट डोळ्यात सोडला, तर जंतुसंसर्ग कमी होतो का? ज्यांना हा डोस दिला नव्हता अशा ३,०२,८१५ शस्त्रक्रियांत २१४ जणांना संसर्ग झाला. ज्यांना दिला त्या ३,१४,६३८ शस्त्रक्रियांत ६४ जणांना झाला. म्हणजे दहा हजारांत सात होते ते दोनवर आले. जुनंच प्रमाण राहिलं असतं तर दुसऱ्या गटात आणखी दीडशेहून अधिक डोळ्यांत पू झाला असता. मग २०१९ मध्ये त्यांनी वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी मांडल्या आणि निष्कर्ष तोच राहिला.

मी हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा हुशार मुलं लगेच शंका काढतात, आणि ती काढायलाच हवी. हा अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला होता. कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्याच काळात हात धुण्याची पद्धत सुधारली असेल, नवी यंत्रं आली असतील, मग श्रेय औषधालाच कसं द्यायचं? शंका बरोबर आहे. म्हणूनच एकाच प्रकारच्या पुराव्यावर थांबायचं नसतं. युरोपात सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून रीतसर चाचणी झाली होती. तिथे औषध दुसरं होतं, सेफ्युरॉक्झिम, पण पद्धत हीच, ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात डोस. संसर्ग साधारण पाचपट कमी झाला. आणि ती चाचणी घ्यावी असं सुचलं कशावरून? स्वीडनने १९९२ पासून देशातल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. तिथल्या डॉक्टरांचे आकडे आधीच त्या दिशेने बोट दाखवत होते. नोंदवहीने प्रश्न उभा केला, चाचणीने तो तपासला आणि मग अरविंदच्या लाखोंच्या नोंदींनी दाखवलं की भारतातल्या गर्दीच्या, स्वस्त दवाखान्यातही हे जमतं.

मोठ्या नोंदवहीचा दुसरा उपयोग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. कुणाचा डोळा अवघड आहे हे ती आधीच सांगू शकते. मोतीबिंदू काढताना भिंगामागचं एक अतिशय पातळ आवरण कधीकधी फाटतं. ते फाटलं की पुढचे धोके वाढतात. अरविंदच्याच आकड्यांत, औषधाचा डोस नसताना, आवरण फाटलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग जवळपास सातपट होता. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये ५५,५६७ शस्त्रक्रियांच्या संगणकीय नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी १.९२ टक्के डोळ्यांत हे आवरण फाटलं होतं. पण त्या सरासरीच्या आत डोकावल्यावर खरी गोष्ट कळली. रुग्णाचं वय फार असेल, काचबिंदू असेल, मधुमेहाने पडदा खराब झाला असेल, मोतीबिंदू पिकून पांढराफटक झाला असेल, बाहुली लहान राहत असेल, माणूस उताणा झोपू शकत नसेल, प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी एक विशिष्ट गोळी चालू असेल, तर धोका वाढतो. सर्जन शिकाऊ असेल तरी वाढतो. या सगळ्यांचा मेळ घातला तर कुणाचा धोका पाऊण टक्क्याहून कमी निघतो आणि कुणाचा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर.

याचा रोजच्या कामात अर्थ काय? टेबलावर घेण्याआधी पाच मिनिटं प्रश्न विचारले, उत्तरं कागदावर मांडली, तर कुठला डोळा शिकाऊ डॉक्टरला द्यायचा आणि कुठला सगळ्यांत मुरलेल्या हाताकडे ठेवायचा हे ठरवता येतं. ब्रिटनमध्ये आता रुग्णालयांचे हे आकडे नेत्रतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज गोळा करतं आणि जाहीर करतं. आवरण फाटण्याचं प्रमाण तिथे पुढच्या दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं.

आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने २०१० पासून स्वतःची संगणकीय नोंदपद्धत उभी केली. तिच्या खेड्यातल्या केंद्रांवर तपासलेल्या रुग्णाची माहितीही त्यात जाते. म्हणजे हे काम फक्त श्रीमंत देशांनाच परवडतं ही सबब चालणार नाही.

भिंगाचा नंबर हेही असंच उदाहरण आहे. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची ताकद किती असावी हे काढण्याचं एक प्रसिद्ध सूत्र १९८० च्या सुमारास अमेरिकेत तीन डॉक्टरांनी मांडलं. ते त्यांनी आधी झालेल्या ऑपरेशनांचे निकाल एकत्र करून, आमच्या विषयात ज्याला रिग्रेशन म्हणतात त्या पद्धतीने काढलं होतं. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता त्यात भरायची, भिंगाची ताकद बाहेर येते. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. त्या सूत्रात एक आकडा असा आहे की जो प्रत्येक सर्जन स्वतःच्या रुग्णांचे नंतरचे नंबर पाहून दुरुस्त करू शकतो. अट एकच, नंतरचे नंबर लिहून ठेवलेले हवेत. ब्रिटनमधल्या नोंदींवरून एक कसोटी सुचवली गेली, ती अशी की शंभरातल्या किमान पंच्याऐंशी डोळ्यांचा नंबर ठरवलेल्या नंबराच्या एका आकड्याच्या आत यावा. आपल्या जिल्ह्यातल्या किती दवाखान्यांना स्वतःचा असा आकडा सांगता येईल?

आता काही हरकती आहेत. त्या मी डॉक्टरांकडून ऐकल्या आहेत आणि आपल्या घरांतूनही.

पहिली हरकत डॉक्टरांची. आकडे जाहीर केले तर सर्जन अवघड रुग्ण घेणंच सोडून देतील. ज्याच्याकडे पिकलेले मोतीबिंदू येतात, त्याचा निकाल वाईट दिसणार. जो सोपे डोळे निवडून घेतो, तो हुशार ठरणार. ही भीती खरी आहे आणि तिचा पहिला फटका आपल्याच माणसांना बसेल. कारण दोन्ही डोळे पार जाईपर्यंत दवाखान्यात न जाणारी माणसं आपल्या वस्त्यांतच जास्त आहेत. पण यावरचं औषधही आकड्यांतच आहे. वर सांगितलेले धोके हिशोबात घेऊन तुलना करायची. नव्वद वर्षांच्या मधुमेही माणसाचा पांढरा मोतीबिंदू काढणाऱ्याची तुलना तशाच डोळ्यांच्या निकालाशी व्हायला हवी. धोका न बघता लावलेली दवाखान्यांची यादी ही अन्यायाची यादी होईल.

दुसरी हरकत अशी की आपल्याकडे रुग्ण परत येतच नाहीत, मग निकाल मोजायचे कसे? बरं वाटलं की माणूस येत नाही, मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. हेही खरं. पण २०१३ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या चाळीसएक रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत मोजलेली नजरही त्या रुग्णालयाच्या कामाचा चांगला अंदाज देते, असं त्यात दिसलं. रुग्ण घरी जाण्याआधी एकदा तक्त्यासमोर उभा करून नजर लिहिली, तरी सुरुवात होते. मात्र जंतुसंसर्ग त्यानंतर उमटतो. नानी तिसऱ्या दिवशी कळवळत होती. म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एक फोन तरी जायला हवा. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. हे न करण्याला आता पैशाचं कारण पुरत नाही.

तिसरी हरकत आपल्या घरातली आहे. तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. आमच्या मोहल्ल्यात कुणी वही घेऊन आलं, नाव-गाव विचारायला लागलं, की दारं बंद होतात. गेल्या काही वर्षांत कागदपत्रांच्या नावाने जी धास्ती बसली ती मनातून गेलेली नाही. एका आरोग्य तपासणीच्या वेळी चाचीने मला विचारलं होतं, “नाव कशाला पाहिजे? डोळा बघायचाय ना?” तिचा प्रश्न मला अडाणी वाटत नाही. माहिती कशासाठी घेतली, कुठे राहणार, कुणाला दिसणार, हे विचारण्याचा तिला हक्क आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. शस्त्रक्रियेचे निकाल सुधारायला वय, स्त्री की पुरुष, आजार, औषधं, आधीची आणि नंतरची नजर एवढं पुरतं. अभ्यासाला जाताना नाव आणि पत्ता काढून टाकता येतो, टाकलाच पाहिजे. संमती आपल्या भाषेत, समजेल अशी घेतली पाहिजे. या अटी घालाच. पण अटी घालणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं.

कारण मोजदादीबाहेर राहिल्याने आपला फायदा कधी झालेला नाही. २००६ मध्ये सच्चर समितीने देशातल्या मुसलमानांचं शिक्षण, नोकरी, कर्ज यांचे आकडे मांडले, तेव्हा ‘लाड होतात’ या जुन्या आरोपाला पहिल्यांदा पुराव्याने उत्तर मिळालं. त्याआधी आपली हलाखी ही फक्त आपली रडगाणी होती. जे समाजाच्या बाबतीत झालं तेच डोळ्याच्या बाबतीत होतं.

२०१५ ते २०१९ दरम्यान देशात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशीच्या पुढच्या माणसांतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू निघालं, जवळपास दोन तृतीयांश. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अंधत्व जास्त आणि निरक्षरांत तर कितीतरी जास्त. त्या पाहणीतला आणखी एक आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. या वयाच्या अंध माणसांपैकी सात टक्क्यांच्या आसपास माणसं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे अंध झालेली होती. शंभरात सात. ही माणसं दवाखान्यापर्यंत पोचली होती. त्यांनी भीती गिळली होती, जीपमध्ये बसली होती, पट्टी काढायची वाट बघत होती. आणि आपल्याकडच्या शिबिरांची जाहिरात आजही एकाच आकड्याने होते, इतकी हजार ऑपरेशनं झाली. किती झाली हे फलकावर असतं. त्यातल्या किती जणांना दिसलं हे नसतं.

जगाने आता ही चूक ओळखली आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत देशांनी मोतीबिंदूसाठी नवं मोजमाप स्वीकारलं. किती जणांचं ऑपरेशन झालं एवढं न मोजता, ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी किती जणांना ऑपरेशननंतर चांगलं दिसू लागलं हे मोजायचं. २०३० पर्यंत हे प्रमाण तीस टक्के-अंकांनी वाढवायचं ठरलं आहे. या मोजमापात नानीचं ऑपरेशन यशस्वी धरता येत नाही. मला या बदलाचं मोल त्यातच वाटतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरला एका शिबिरानंतर अनेकांचे डोळे संसर्गाने गेले, काहींचे काढावे लागले. बातमी झाली, चौकशी झाली. एकाच दिवशी अनेक डोळे जातात तेव्हा ते दिसतं. एकेक करून, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या महिन्यांत जाणारा डोळा बातमीत येत नाही. तो फक्त नोंदवहीत दिसू शकतो.

राहता राहिली मर्जी. नानीच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. त्या शब्दांनी तिला सावरलं, माझ्या आकडेमोडीने सावरलं नसतं. पण दवाखान्याला तिच्या सबराचा आडोसा मिळू नये. आपल्याकडे मोबाइलवर अभिमानाचे निरोप फिरतात की शस्त्रक्रिया आमच्या पूर्वजांनी शोधली. त्यात तथ्यही आहे. हजार वर्षांपूर्वी कैरोत अम्मार अल-मौसिली पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढत होता. पण त्याने आपल्या ऑपरेशनांच्या हकिकती लिहून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. त्याच्याही आधी अल-राझीने मेंदूच्या तापाच्या काही रुग्णांचं रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही, आणि दोघांचं काय झालं ते टिपून ठेवलं. वारसा सांगायचा असेल तर तो या टिपून ठेवण्याचा सांगावा.

नानी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायला सहा वर्षं तयार नव्हती. शेवटी रंग कळेनासे झाले, हिरव्या चुड्यात निळी बांगडी गेली, तेव्हा ती उठली. या वेळी आम्ही दुसरीकडे नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिचे सगळे आजार, गोळ्या विचारून संगणकात भरल्या. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, काही विचारायचंय का आजी? नानी म्हणाली, “डॉक्टरसाब, तुमच्याकडं फूट किती?” त्याला कळेना. मी अर्थ सांगितला. तो हसला नाही. त्याने संगणक तिच्याकडे वळवला, गेल्या वर्षीची ऑपरेशनं किती, बिघडली किती, ती कशाने, हे तिला समजेल असं वाचून दाखवलं. नानी म्हणाली, “मांडून ठेवतोय. इथं करू.”

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, सातव्या दिवशी आला. तिला दिसलं.

मला वाटतं, नानीचा तो प्रश्न आपण सगळ्यांनी उचलावा. तुमच्या मोहल्ल्यात, जमातखान्यात, शाळेच्या पटांगणात शिबिर ठरवायला कुणी आलं, तर मंडपाची आणि चहापाण्याची सोय करण्याआधी त्यांना विचारा. मागच्या शिबिरातल्या किती जणांची महिन्याने तपासणी झाली? किती जणांना चांगलं दिसतंय? किती जणांना संसर्ग झाला? उत्तर शून्य आलं तर खुश होऊ नका, मोजलं कसं ते विचारा. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडता का, हेही विचारा. घरातल्या माणसाची सगळी औषधं एका कागदावर लिहून डॉक्टरला दाखवा, प्रोस्टेटची गोळी त्यात विसरू नका. डोळ्यात बसवलेल्या भिंगाचं स्टिकर आणि ऑपरेशनचं कार्ड मागून घ्या, जपून ठेवा. ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका. आणि दिसायला लागलं तरी तपासणीला परत जा. आपण परत गेलो नाही तर दवाखान्याच्या वहीत एक खोटं यश लिहिलं जातं.

आणि तुमच्यापैकी जे कॉमर्स, बी.सी.ए., फार्मसी, नर्सिंग शिकताय, त्यांच्यासाठी एक काम आहे. गावात शिबिर झालं की ऑपरेशन झालेल्यांची यादी घ्या, त्यांची संमती घ्या, आणि तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, महिन्याने त्यांच्या घरी जाऊन विचारा. दुखतंय का, दिसतंय का? साधी वही चालेल. लिहिता आलं नाही तर रेघाही चालतील.